बाहेरचा माल, बाहेरची माणसं आणि आपलं मत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लातूरला महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. सुट्टीच्या दिवशी गावोगावी जाऊन बाजारभाव आणि सरकारी धोरण यांवर बोलतो. सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की फोन वाजायला लागतात, आणि निवडणूक जवळ आली की आणखी वाजतात. लातूर, परभणी, बीड, जालना, कुठूनही फोन आला तरी प्रश्न तेच असतात: आयात थांबवायची का, परप्रांतीयांना अडवायचं का, आणि हे मागणाऱ्या पुढाऱ्याला मत द्यायचं का.

तीच उत्तरं इथं एकदाची लिहून काढली आहेत. तुमचा प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा. तेच ते पुन्हा सांगावं लागू नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा हवाला दिला आहे. माझं मत जिथं आहे तिथं ते माझं म्हणूनच सांगितलं आहे.

१. सर, आयात बंद करा आणि परप्रांतीयांना रोखा, या दोन मागण्या एकत्र का घेतात? एक मालाची आहे, दुसरी माणसांची.

दोन्हींच्या मुळाशी धास्ती एकच आहे: माझ्या कष्टाची किंमत दुसरं कुणीतरी पाडतंय. म्यानमारची तूर मोंढ्यात आली, की तिथल्या मजुराची स्वस्त मेहनत त्या पोत्यात बांधून आलेली असते. बिहारचा कामगार वाळूजच्या एमआयडीसीत आला, की तीच मेहनत स्वतःच्या पायानं चालत येते.

अमेरिकेत २०१६ च्या प्रचारात डोनाल्ड ट्रम्प यांनी मेक्सिकोच्या सीमेवर भिंत आणि चिनी मालावर शुल्क, अशी दोन्ही वचनं दिली होती. आपल्याकडं या मागण्या वेगवेगळ्या अंगणांत वाढल्या. माल रोखा असं शेतकरी नेते आणि स्वदेशीवाले म्हणतात, माणसं रोखा असं प्रादेशिक पक्ष म्हणतात. मराठवाड्यात मात्र त्या एकाच घरात भेटतात. वडील तुरीच्या आयातीवर चिडलेले असतात आणि एमआयडीसीत कंत्राटावर लागलेला मुलगा बाहेरून आलेल्या पोरांवर.

२. आयातशुल्क, कोटा, बंदी यांत फरक काय?

शुल्क म्हणजे बंदरावर भरायचा कर. माल येतो, पण महाग होऊन येतो. कोटा म्हणजे ठरलेल्या टनांपर्यंतच माल येईल, पुढं नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली, तो कोटा. बंदी म्हणजे दार पूर्ण बंद. चौथा प्रकार किमान निर्यात मूल्याचा: ठरलेल्या डॉलरच्या खाली माल बाहेर विकायचा नाही. कागदावर ही बंदी नसते, पण आकडा मोठा ठेवला की काम बंदीचंच होतं.

३. तुरीचं २०१६-१७ ला काय झालं होतं? जुनी माणसं सारखं तेच वर्ष काढतात.

काढणारच. २०१५ मध्ये तूरडाळ किरकोळीत किलोला २०० रुपयांपर्यंत गेली आणि शहरांत ओरड झाली. सरकारनं शेतकऱ्याला तूर पेरायला सांगितलं, हमीभाव बोनस धरून क्विंटलला ५,०५० रुपये केला. त्याच सुमारास, जुलै २०१६ मध्ये, मोझांबिकशी करार झाला: वर्षाला एक लाख टनांपासून सुरुवात करून पाच वर्षांत दोन लाख टन डाळी आणायच्या. पाऊसही लागला. देशातलं तुरीचं उत्पादन आदल्या वर्षीच्या सुमारे २५ लाख टनांवरून ४८ लाख टनांच्या आसपास गेलं. आयातीवर १० टक्के शुल्क लागलं ते मार्च २०१७ अखेर, आणि कोटा लागला ऑगस्टमध्ये. तोवर शेतकऱ्याची तूर घरातून गेली होती.

त्या वर्षी आमच्याकडं ३१ क्विंटल तूर झाली. वडील ट्रॅक्टर घेऊन खरेदी केंद्रासमोर नऊ दिवस रांगेत होते. बारदाना संपला म्हणून काटा बंद. रात्री ट्रॉलीखाली सतरंजी टाकून झोपायचे, सकाळी मी डबा घेऊन जायचो. उंदरांनी खालची दोन पोती कुरतडली होती, त्यातून सांडलेली तूर ते रोज हातानं गोळा करून परत पोत्यात भरायचे. दहाव्या दिवशी ट्रॅक्टर वळवला आणि आडतीवर ३,७०० नं घातली. क्विंटलमागं १,३५० रुपये कमी. विक्रीची पट्टी हातात घेऊन ते एवढंच म्हणाले, "पेरा म्हणणारेबी हेच, बाहेरून आणणारेबी हेच."

आयात रोखा या मागणीला मराठवाड्यात जो पाठिंबा आहे, त्यातला बराचसा त्या रांगेत तयार झाला, असं मला वाटतं. परदेशी शेतकऱ्याबद्दल आमच्या माणसाच्या मनात काही नाही. पेरणीला एक सांगून काढणीला दुसरं केलं, हा राग आहे.

४. सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलावर शुल्क वाढवलं. तरी सोयाबीन हमीभावाच्या खालीच कामून राहिलं?

हा सगळ्यात जास्त आलेला प्रश्न आहे, म्हणून सावकाश सांगतो.

१४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के झालं. उपकर धरून ते २७.५ टक्के पडायचं. रिफाइंड तेलावर ३५.७५ टक्के. हमीभाव होता ४,८९२ रुपये. आणि लातूरच्या सौद्यात त्या हंगामात बहुतेक माल चार हजार ते साडेचार हजारांत गेला.

कारण सोयाबीन हे मुळात तेलापेक्षा पेंडीचं पीक आहे. क्विंटलभर दाणा गाळला की साधारण १८ किलो तेल निघतं आणि ८० किलोच्या आसपास पेंड, जिला व्यापारी डीओसी म्हणतात. समजा शुल्कामुळं तेल किलोमागं २० रुपयांनी चढलं, तर १८ किलोचे ३६० रुपये वाढले. त्याच वेळी पेंड किलोमागं ५ रुपयांनी उतरली, तर ८० किलोचे ४०० रुपये गेले. तेलाचा भाव वाढूनही दाण्याला ४० रुपये कमीच मिळाले. हे आकडे समजावण्यापुरते घेतलेत, पण गणित असंच चालतं.

पेंड का उतरली? मक्यापासून आणि तांदळापासून इथेनॉल काढणारे कारखाने वाढले. त्यांचा उरलेला चोथा कोंबडीखाद्यात स्वस्तात जाऊ लागला. बाहेरच्या बाजारात ब्राझील, अर्जेंटिनाची पेंड आपल्यापेक्षा स्वस्त, म्हणून निर्यात अवघड. दार बंद केलं ते तेलाचं, आणि गळती होती पेंडीच्या बाजूला.

यावरून शुल्क निरुपयोगी आहे, असा अर्थ काढू नका. ते नसतं तर भाव आणखी खाली गेला असता. पण "शुल्क लावलं, आता सहा हजार मिळतील" असं व्यासपीठावरून कुणी सांगितलं, तर त्याला पेंडीचं विचारा. आणि मे २०२५ अखेर कच्च्या तेलावरचं तेच मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं, हेही ध्यानात ठेवा.

५. २०२१ ला सोयाबीन दहा हजारांवर गेलं होतं. ते आयातीनंच पाडलं ना?

आयातीचा वाटा आहे, सगळं खापर तिच्यावर फुटत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये भाव दहा हजारांच्या घरात होता. कोंबडीखाद्य महागलं म्हणून पोल्ट्रीवाल्यांनी मागणी केली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रानं १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आणायला परवानगी दिली. दसऱ्यापर्यंत भाव निम्म्यावर आला. पण तेव्हा नव्या मालाची आवकही सुरू झाली होती, आणि आवकेत भाव पडतोच.

मला खुपतं ते वेगळं आहे. जनुकीय बदल केलेलं सोयाबीन आपल्या शेतकऱ्याला पेरायची परवानगी नाही, आणि त्याचीच पेंड बाहेरून आणायला मिळाली. बियाणं चालत नाही, तर पेंड कशी चालली? हा प्रश्न मला पाटोद्याच्या एका बाईंनी विचारला होता. अजून माझ्याकडं त्याचं समाधानकारक उत्तर नाही.

६. कापसाचं काय? गिरणीवालेही आपलेच, शेतकरीही आपलाच.

कापसावर फेब्रुवारी २०२१ पासून उपकरासह ११ टक्के आयातशुल्क होतं. २०२२ मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर ते काढलं होतं. १९ ऑगस्ट २०२५ ला पुन्हा काढलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावल्यानं कापड उद्योग अडचणीत आला होता आणि त्याला स्वस्त कापूस हवा होता. त्याची अडचण खरी होती. पण ती सोडवली ती परभणी-जालन्याच्या शेतकऱ्याच्या वेचणीच्या हंगामात. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० होता. सीसीआयच्या, म्हणजे केंद्राच्या कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर नंबर लागेल त्याला तो मिळणार, बाकीच्यांनी खासगीत मिळेल त्या भावाला घालायचा.

इथं माझी बाजू स्पष्ट आहे. एका उद्योगाला सावरायचं असेल तर सरकारनं त्याला तिजोरीतून मदत करावी. शेतकऱ्याच्या भावातून करू नये.

७. कांद्याची निर्यात खुली करा म्हणायचं आणि तुरीची आयात बंद करा म्हणायचं, हा दुटप्पीपणा नाही का?

पुण्यामुंबईचे विद्यार्थी हे हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे, आणि शेतकरी चळवळीतही यावर मोठी फूट होती. शेतीमालाचा जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाच्या बाजूनं शरद जोशी उभे राहिले. त्यांचं म्हणणं, सरकारच शेतकऱ्याचा भाव पाडतं, त्याला उणे सबसिडी देतं, तेव्हा बाजार खुला झाला तर शेतकऱ्याचं भलंच होईल. कर्नाटकचे नंजुंडस्वामी त्याच प्रस्तावाच्या विरोधात रस्त्यावर उतरले. दोघंही शेतकऱ्यांचेच नेते.

व्यवहारात काय झालं ते बघा. कांद्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिलं. शुल्क पूर्ण गेलं ते १ एप्रिल २०२५ ला. गव्हाची निर्यात मे २०२२ मध्ये बंद. तूर मे २०२१ मध्ये आयातीला मोकळी. पिवळा वाटाणा डिसेंबर २०२३ ते ऑक्टोबर २०२५ बिनशुल्क. भाव चढला की निर्यातीचं दार लागतं आणि आयातीचं उघडतं. दोन्ही वेळा मार एकालाच. तो दोन्ही दारांबद्दल बोलला, तर त्याला दुटप्पी म्हणायला माझी जीभ धजत नाही.

८. आम्ही भूमिहीन आहोत, मजुरी करतो. आयात थांबली तर आमचा फायदा का तोटा?

आज तोटा, कारण तेल आणि डाळ तुम्ही रोज विकत घेता. देशाला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं, त्यावर शुल्क लागलं की तुमची पिशवी महाग होते. दुसरी बाजू अशी की शेतकऱ्याच्या हातात पैसा नसला की तो खुरपणीची मजुरी वाढवत नाही, तणनाशक मारून मोकळा होतो. त्यामुळं मजुरांच्या वस्तीत या मागणीला मिळणारा पाठिंबा अर्धामुर्धा असतो, आणि पुढाऱ्यांना तो गृहीत धरायची सवय लागली आहे. रेशनवर डाळ आणि तेल मिळालं तर तुमचा आणि शेतकऱ्याचा झगडाच उरत नाही.

९. आयात विरोध हा डाव्यांचा मुद्दा का उजव्यांचा?

दोघांचाही. आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या मुक्त व्यापार करारातून भारत ४ नोव्हेंबर २०१९ ला बाहेर पडला, तेव्हा स्वदेशी जागरण मंच आणि डाव्या किसान सभा एकाच बाजूला होत्या. न्यूझीलंडची दूधभुकटी आली तर इथल्या दूध उत्पादकाचं काय, ही भीती दोघांची होती. अमेरिकेत पॅसिफिक देशांच्या व्यापार कराराला ट्रम्प यांचाही विरोध होता आणि बर्नी सँडर्स यांचाही.

माणसांच्या बाबतीतही तसंच. १८८२ मध्ये अमेरिकेनं चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला, त्यामागं कॅलिफोर्नियातल्या गोऱ्या कामगारांच्या चळवळीचा मोठा रेटा होता. पक्षाच्या रंगावरून या प्रश्नाची बाजू ओळखायला गेलात तर फसाल.

१०. बाहेरचे मजूर आले की स्थानिकांची मजुरी पडते, हे खरं का?

यावर अर्थशास्त्रज्ञ चाळीस वर्षं भांडतायत. १९८० मध्ये क्यूबातून सुमारे सव्वा लाख माणसं काही महिन्यांत अमेरिकेच्या मायामी शहराकडं आली. तिथल्या कामगारांची संख्या जवळपास ७ टक्क्यांनी वाढली. डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये दाखवलं की स्थानिकांच्या मजुरीवर फारसा परिणाम झाला नाही. पुढं जॉर्ज बोर्हास यांनी तेच आकडे वेगळ्या पद्धतीनं मांडले आणि कमी शिकलेल्यांची मजुरी पडल्याचं सांगितलं. दोघांचं मिळून एक समजतं: सगळ्यांना सारखा फटका बसत नाही, आणि बसला तर सगळ्यात खालच्या पायरीवरच्याला बसतो.

आता आपल्याकडं या. जालन्याच्या स्टील कारखान्यांत भट्टीसमोर उभं राहणारे बरेच जण बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशचे आहेत. स्थानिक पोरांना ते काम नको असतं असं मालक सांगतात. पोरं सांगतात की आम्ही आठ तासांचं आणि पीएफचं बोलतो, म्हणून आम्हाला घेत नाहीत. मला पोरांचं म्हणणं जास्त पटतं. बाहेरचा कामगार मालकाला आवडतो तो त्याच्यामागं गाव नसतं म्हणून. दुखलं-खुपलं तर त्याच्या बाजूनं बोलायला सरपंच येत नाही.

मे २०२० मध्ये जालन्याच्या कारखान्यातून पायी गावाकडं निघालेले मध्य प्रदेशचे १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले आणि मालगाडीखाली गेले. रुळांवर त्यांच्या भाकरी-पोळ्या विखुरल्या होत्या. स्थानिकांच्या हक्काबद्दल बोलताना त्या पोळ्या मला विसरता येत नाहीत. कंत्राटदाराला सगळ्यांसाठी एकच मजुरी आणि एकच नियम लावा, म्हणजे बाहेरचा स्वस्त म्हणून घ्यायचं कारणच संपेल.

११. मुल्की म्हणजे काय? आजोबा सांगायचे की निजामाच्या काळात बाहेरच्याला नोकरीच नव्हती.

आजोबांचं बरंचसं बरोबर आहे. हैदराबाद संस्थानात राहणारा तो मुल्की आणि बाहेरचा तो गैरमुल्की. १९१९ च्या नियमांप्रमाणं सरकारी नोकरीसाठी मुल्की असावं लागे, आणि बाहेरून आलेल्याला मुल्की व्हायला १५ वर्षं संस्थानात राहावं लागे. मराठवाड्याचे तेव्हाचे पाच जिल्हे याच संस्थानात होते. पण "नोकरीच नव्हती" हे खरं नाही. खास परवानगीनं उत्तरेकडचे अधिकारी येत, आणि मुल्कीवाद पेटला तो त्यावरूनच.

१७ सप्टेंबर १९४८ नंतरही नियम टिकले. १९५२ मध्ये हैदराबादेत आंध्र भागातून आलेल्या नोकरदारांविरुद्ध मुल्की आंदोलन झालं, गोळीबार झाला, विद्यार्थी गेले. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात आलो. तेलंगणात मात्र वाद चालू राहिला, १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते नियम वैध ठरवले, आणि त्यावरून आंध्रातही आंदोलन पेटलं.

मराठवाड्यात ही भावना १९७४ च्या विकास आंदोलनात पुन्हा दिसली. सिंचन, मनमाडहून जाणाऱ्या रेल्वेचं रुंदीकरण आणि स्थानिकांना नोकऱ्या, अशा मागण्यांसाठी विद्यार्थी रस्त्यावर आले. तेव्हा "बाहेरचा" म्हणजे पश्चिम महाराष्ट्राचा. ज्याला आज आपण आपला म्हणतो, तो पन्नास वर्षांपूर्वी बाहेरचा होता.

१२. मग ८० टक्के स्थानिकांना नोकऱ्या, असा कायदा सरकार का करत नाही?

महाराष्ट्रात उद्योगांत ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात, असं शासनाचं धोरण बरीच वर्षं आहे. स्थानिक म्हणजे १५ वर्षं राज्यात राहिलेला. हा १५ चा आकडा वरच्या प्रश्नातही आलाय. पण हे धोरण सवलतींना जोडलेलं आहे, मोडलं तर तुरुंग नाही.

सक्तीचा कायदा करताना घटना आडवी येते. कलम १९ प्रमाणं नागरिकाला देशात कुठंही फिरायचा, राहायचा आणि धंदा-व्यवसाय करायचा हक्क आहे. कलम १६ प्रमाणं सरकारी नोकरीत रहिवासाची अट घालायची असेल तर ती फक्त संसद घालू शकते. हरियाणानं ३० हजारांपर्यंत पगाराच्या खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिकांसाठी राखण्याचा कायदा केला होता. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानं तो नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला. कर्नाटकनं २०२४ मध्ये असंच विधेयक आणायचं ठरवलं आणि काही दिवसांतच थांबवलं. त्यामुळं "सत्तेवर येताच कायदा करू" असं ऐकलं, की न्यायालयात तो कसा टिकवणार हे विचारा.

१३. परप्रांतीय आणि घुसखोर एकच ना?

नाही. परप्रांतीय हा भारताचा नागरिक आहे, त्याला इथं राहायचा तुमच्याइतकाच हक्क आहे (प्रश्न १२ पाहा). घुसखोर म्हणजे कागदपत्रांशिवाय आलेला परदेशी. त्याच्यासाठी आधी १९४६ चा परदेशी नागरिक कायदा होता, १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू आहे. कोण परदेशी हे ठरवायचं काम यंत्रणेचं. पश्चिम बंगालचा सेंट्रिंग कामगारही बंगालीच बोलतो, एवढ्यावरून त्याला गावातून हाकलणं हा अन्याय आहे आणि गुन्हाही.

१४. जिथं बाहेरचे जास्त, तिथंच विरोध जास्त असणार ना?

तसं वाटतं, पण उदाहरणं उलट सापडतात. २३ जून २०१६ ला ब्रिटननं युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल ५१.९ टक्क्यांनी दिला. स्थलांतर हा मोठा मुद्दा होता. परदेशात जन्मलेले सर्वांत जास्त लोक लंडनमध्ये, आणि लंडननं राहण्याच्या बाजूनं मत दिलं. बाहेर पडण्याच्या बाजूनं ७५.६ टक्के मत पडलं ते बॉस्टन या भाजीपाला पिकवणाऱ्या भागात, जिथं २००४ नंतर पूर्व युरोपातले शेतमजूर थोड्या वर्षांत मोठ्या संख्येनं आले. आकड्यापेक्षा वेग माणसाला जास्त घाबरवतो. शाळेत, दवाखान्यात, भाड्याच्या खोल्यांत गर्दी अचानक वाढली आणि सोयी तेवढ्याच राहिल्या, की राग आलेल्या माणसावर निघतो. वाळूज परिसरात फिरलात तर हे डोळ्यांनी दिसेल.

१५. आमच्या बीडचे लोक ऊस तोडायला दुसऱ्यांच्या जिल्ह्यात जातात. मग आम्ही कुणाला बाहेरचा कसं म्हणायचं?

हा प्रश्न बाराशे कोयत्यांच्या गावातल्या एका मुकादमानं, म्हणजे ऊसतोडीची टोळी नेणाऱ्यानं, विचारला. नवरा-बायको मिळून एक कोयता. दसरा-दिवाळीच्या पुढंमागं मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची, टोळीबरोबर सांगली, कोल्हापूर, कर्नाटकात जायचं, पाचटाच्या कोपीत राहायचं आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, परत यायचं. माझं आजोळ त्याच भागातलं. हंगामात तिथं गेलं की ओसरीवर म्हातारी, दावणीला एक शेळी आणि आजीजवळ ठेवलेली शाळेतली पोरं, एवढंच उरतं.

या माणसांना त्या गावांत रेशन मिळवायला झगडावं लागलंय, पोरांना शाळेत बसवायला विनवण्या कराव्या लागल्यात. "बाहेरचे" हा शब्द त्यांनी रोज ऐकलाय. माणसं पाठवणारा प्रदेश जेव्हा माणसं अडवा म्हणतो, तेव्हा तो स्वतःच्याच लेकरांच्या वाटेवर काटे पेरतो. मालाच्या बाबतीत मी शेतकऱ्याच्या बाजूनं शुल्काचं समर्थन करतो. माणसांच्या बाबतीत मला ते करता येत नाही, आणि त्याचं कारण हे कोयते आहेत.

१६. अमेरिका आपल्या पोरांना आणि मालाला अडवते. मग आपणही तसंच करायला काय हरकत आहे?

अमेरिकेनं सप्टेंबर २०२५ मध्ये एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं, तेव्हा लातूरच्या कोचिंगमधून पुढं गेलेल्या कितीतरी पोरांच्या घरी चिंता पसरली. हे नवं नाही. १९१४ मध्ये कोमागाता मारू जहाजातल्या ३७६ प्रवाशांपैकी बहुतेकांना कॅनडानं व्हँकुव्हरच्या किनाऱ्यावर उतरू दिलं नाही. त्यासाठी "मायदेशातून न थांबता आलात तरच प्रवेश" असा नियम आधीच करून ठेवला होता.

मालाचं उत्तर मालानं देता येतं, देश देतात. पण उलट शुल्काचा भार कुणावर पडतो ते आधी बघावं लागतं. १९३० मध्ये अमेरिकेनं बऱ्याच वस्तूंवर शुल्क चढवलं, बाकीच्यांनी तेच केलं आणि मंदीत जगाचा व्यापार आणखी आक्रसला.

१७. शुल्क पाहिजे तेवढं वाढवायला सरकारला कुणी अडवलंय?

जागतिक व्यापार संघटनेत, म्हणजे १ जानेवारी १९९५ पासून, प्रत्येक देशानं वस्तुवार कमाल मर्यादा मान्य केली आहे. भारताची पाम तेलाची मर्यादा ३०० टक्के आहे, पण सोयातेलाची ४५ टक्केच. म्हणून सोयातेलावर १०० टक्के शुल्क लावू, असं आश्वासन सहज पाळता येण्यासारखं नाही. डाळींत मोकळीक जास्त आहे: पिवळ्या वाटाण्यावर नोव्हेंबर २०१७ मध्ये एका फटक्यात ५० टक्के शुल्क लावलं होतं.

१८. या प्रश्नांवर मतं खरंच फिरतात का?

फिरतात, पण सरळ रेषेत नाही. २०२४ च्या लोकसभेत मराठवाड्यातल्या आठ जागांपैकी महायुतीला एकच मिळाली. सोयाबीन-कापसाच्या भावाचा राग त्यात होता, मराठा आरक्षणाचाही होता, आणि दोन्ही वेगळे काढणं अवघड आहे. सहा महिन्यांत विधानसभा झाली. सोयाबीन तेव्हाही हमीभावाखालीच होतं, तरी महायुतीनं इथल्या बहुतेक जागा जिंकल्या. मधल्या काळात लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये महिलांच्या खात्यावर आले होते. भाव घरातल्या पुरुषाच्या पट्टीवर दिसतो, मतं घरात दोन असतात.

१९. आयातीच्या परवानगीला शेवटची तारीख दिलेली असते. ती धरून माल ठेवावा का?

त्या तारखेवर एकट्या विसंबून माल ठेवू नका. तुरीची मोकळी आयात २०२१ पासून मुदतवाढ देत देत २०२६ च्या मार्चपर्यंत नेली. पिवळ्या वाटाण्याची मुदतही अशीच अनेकदा वाढली, आणि मग १ नोव्हेंबर २०२५ पासून त्यावर ३० टक्के शुल्क आलं. कर्ज काढून माल ठेवत असाल तर व्याज आणि घट आधी मोजा. निम्मा माल विकून निम्मा ठेवायची आमच्याकडची जुनी रीत अशा वेळी बरी पडते. वडील आता भिंतीवरच्या कॅलेंडरात या तारखा लिहून ठेवतात, पेन्सिलनं. २०२५ ला कापसाची ३० सप्टेंबर त्यांना खोडावी लागली, आणि पानं उलटून ३१ डिसेंबरला लिहावी लागली. तोवर आमचा कापूस विकून झाला होता.